सह्या कुणाच्या, गवत कुणाचं : मसाई मारातल्या एका भाडेपट्ट्याचं प्रकरण

२००६ साली केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्राच्या उत्तर सीमेला लागून दीडशेहून अधिक मसाई जमीनमालकांनी आपापले तुकडे एकत्र केले आणि भाड्यानं दिले. तुकडा म्हणजे साधारण साठ हेक्टर, आपल्या हिशेबात दीडशे एकर. भाडेकरू होते सफारी छावण्या चालवणारे मोजके व्यावसायिक. पैसे दर महिन्याला मालकाच्या बँक खात्यात, आणि बदल्यात मालकानं आपली गुरं आणि आपलं घर त्या जमिनीवरून हलवायचं, असा सौदा होता.

ही ओलारे ओरोक कॉन्झर्व्हन्सी. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे मालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून वन्यप्राण्यांसाठी आणि पर्यटनासाठी राखलेलं रान. पुढे शेजारच्या जमिनींशी जोडली जाऊन ती ओलारे मोटोरोगी झाली. नाव सार्वजनिक नोंदीत आहे म्हणून घेतलं. माणसांची आणि छावण्यांची नावं या लेखात नाहीत. मध्ये एका घराचं उदाहरण येतं, ते हिशेब समजावा म्हणून मी रचलेलं आहे.

मारावर मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टबद्दल, म्हणजे कळपानं फिरणाऱ्या मोठ्या हरणवर्गी प्राण्यांबद्दल, आणि सिंहांबद्दल. ते असावंच. पण ज्या जमिनीवर ते सिंह दिसतात तिचा कागद कुणाच्या नावावर आहे, याची गोष्टही कमी रंजक नाही. सातबाऱ्यावर एक नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कुणालाही ती चटकन कळेल.

पार्श्वभूमी

मसाई मारा राखीव क्षेत्र १,५१० चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला, टांझानियात, त्याच्या दहापट जवळपास मोठं सेरेंगेटी. पावसामागे फिरणारे लाखो विल्डबीस्ट जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास मारात असतात. त्यांच्यासोबत झेब्रे, गझेल, आणि मागोमाग सिंह-तरस. जनावरांना सीमेचा दगड कळत नाही, त्यामुळे राखीव क्षेत्राच्या बाहेरची माळरानंही त्यांचीच. शिवाय पूर्वेकडच्या लोइटा पठारावर विणीला जाणारा एक वेगळा, स्थानिक विल्डबीस्ट कळप होता, आणि तो सेरेंगेटीच्या कळपासारखा देश ओलांडत नसे.

या सगळ्या माळावर मसाई गुरं चारत आले आहेत. त्यांच्या आधीही इथे पशुपालक होते. नैर्ऋत्य केनियातल्या जुन्या पशुपालक वस्त्यांच्या जागा उकरून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. साधारण १,५५० ते ३,७०० वर्षांपूर्वी जिथे गुरं रात्री बांधली जात होती, तिथली माती आजही शेणाच्या खतानं सकस आहे. त्या जागी गवत हिरवं राहतं आणि हरणं तिथेच चरायला येतात. म्हणजे ज्याला आपण ‘मूळचं रान’ म्हणतो त्यात गोठ्याचा वाटा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता कागदाकडे. मसाईंचा आणि सह्यांचा इतिहास कडू आहे. १९०४ साली ब्रिटिशांनी करार करून त्यांना रिफ्ट दरीतल्या उत्तम कुरणांवरून हलवलं. मसाई जमात असेल तोवर ही व्यवस्था टिकेल असं त्या करारात लिहिलं होतं. सातच वर्षांत, १९११ मध्ये, दुसरा करार झाला आणि त्यांच्याकडे उरलेलं उत्तरेचं लाइकिपिया पठारही गेलं. मसाई कोर्टात गेले. १९१३ साली कोर्टानं सांगितलं की हा दोन सत्तांमधला तह आहे, तो आमच्या अखत्यारीत येत नाही. ज्यांची जमीन दोनदा काढून घेतली त्यांना या कामापुरतं स्वतंत्र सत्ता ठरवण्यात आलं. एवढा मोठा मान फक्त दावा फेटाळताना मिळाला.

स्वातंत्र्यानंतर १९६८ च्या कायद्यानं ‘ग्रूप रँच’ आले. अमुक इतक्या कुटुंबांची सामाईक जमीन, नोंदणीकृत सभासद, आणि त्यांच्या वतीनं सह्या करणारी निवडलेली समिती. योजनेमागे जागतिक बँकेचा पैसा होता आणि हेतू होता मसाईंना बाजारासाठी मांस पिकवणारे रँचर करण्याचा. तसं काही झालं नाही, पण सामाईक जमीन तीनेक दशकं सामाईक राहिली. सभासद म्हणून नोंदले गेले ते घरातले कर्ते पुरुष. बायकांची नावं जवळपास कुठेच नव्हती.

आपलं प्रकरण घडलं ते कोइयाकी नावाच्या ग्रूप रँचवर.

अडचण

समितीवर लोकांचा विश्वास उडाला होता. राखीव क्षेत्राबाहेर गाड्या फिरवण्याबद्दल पर्यटन कंपन्या पैसे देत, ते समितीकडे आणि वेगवेगळ्या ट्रस्टांकडे जमा होत, आणि तळाशी पोचेपर्यंत त्यांचा ओलावा उरत नसे. मसाई भागातला पर्यटनाचा पैसा मूठभरांच्या हाती कसा अडकतो यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. लोकसंख्या वाढत होती. सभासदांच्या यादीत बाहेरची नावं घुसतील ही भीती होती. स्वतःच्या नावाचा कागद असेल तर बँक कर्ज देते, हेही लोक शेजारी पाहत होते. तेव्हा मागणी आली: वाटणी करा.

वाटणी झाली. विसाव्या शतकाच्या शेवटी सुरू होऊन नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ती बरीचशी पूर्ण झाली. मोक्याचे तुकडे, म्हणजे नदीकाठचे, राखीव क्षेत्राला लागून असलेले, कुणाला मिळाले असतील हे सांगायला नकोच. ज्यांची समितीत ऊठबस होती त्यांना झुकतं माप मिळाल्याचं नोंदलेलं आहे.

इथे खरी गाठ आहे. कोरडवाहू माळावर पाऊस एकसारखा पडत नाही. एका टेकडीच्या अलीकडे सर येते, पलीकडे धूळ उडते. गुराख्याचं सगळं शास्त्र म्हणजे गवत जिथे उगवेल तिथे जाणं. साठ हेक्टर ऐकायला खूप वाटतं, पण ज्या वर्षी त्या साठ हेक्टरांवर पाऊस चुकतो त्या वर्षी ती जागा रिकाम्या ताटासारखी असते. जनावरांचंही तेच. विल्डबीस्टला तुमच्या तुकड्याचा उपयोग वर्षातून काही आठवडे, पण त्या आठवड्यांत तो तुकडा उघडा हवा.

कागदावर वाटणी झाली आणि गवत मात्र वाटलं गेलं नाही.

दुसरीकडे लोइटाचा धडा ताजा होता. तिथे सत्तरच्या दशकापासून बाहेरच्या कंत्राटदारांनी जमिनी घेऊन यंत्रानं गहू पेरला. विणीची मैदानं नांगराखाली गेली. १९७७ साली सुमारे १,१९,००० असलेला स्थानिक विल्डबीस्ट कळप वीस वर्षांत २२,००० वर आला. हे शिकारीनं झालं नाही. केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे. झालं ते जमिनीच्या वापरानं.

बंदीची दुसरी बाजूही सांगायला हवी. वन्यप्राणी सरकारचे. ते मालकाच्या जमिनीवर चरतात, त्याच्या वासराला रोग देतात, शेळी उचलतात, पण मालकाला त्यांच्याकडून कायदेशीर उत्पन्न मिळण्याची वाट एकच: पर्यटक.

समोर काय काय होतं

एक घर धरू. कर्ता पन्नाशीचा, दोन बायका, तीन जाणते मुलगे, शंभरेक गुरं, शेळ्या-मेंढ्या वेगळ्या. हातात नवा कोरा साठ हेक्टरांचा कागद. त्यानं काय करावं?

काहीच न करणं हा पहिला पर्याय. शेजाऱ्यांशी जुन्या रिवाजानं एकमेकांच्या तुकड्यांवर चारत राहायचं. बहुतेकांनी सुरुवातीला हेच केलं. पण एकानं कुंपण घातलं की दुसऱ्याला घालावंसं वाटतं, आणि मग रिवाज पाळणाराच मूर्ख ठरतो. बांधावरून भाऊ भाऊ कसे तुटतात हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

गव्हासाठी खंडानं देणं हा पर्याय उत्तरेकडे, जास्त पावसाच्या पट्ट्यात चालण्यासारखा होता. राखीव क्षेत्राजवळच्या कोरड्या तुकड्यांवर त्यात दम नव्हता. शिवाय पिकात हत्ती आणि झेब्रे शिरणार ते वेगळंच.

विकणं होतंच. पैसा एकदम हातात येतो, आणि मुलगे आयुष्यभर बोलतात.

मग स्वतंत्रपणे एखाद्या छावणीशी सौदा. तालेक नदीच्या काठी अशा छावण्या उगवत होत्या. ज्याचा तुकडा नदीवर त्याची चांदी. पण पर्यटक ज्या सिंहाला पाहायला पैसे देतो तो सिंह नदीवर झोपतो आणि शिकार करतो आतल्या माळावर, दुसऱ्याच कुणाच्या तुकड्यावर. त्या आतल्या मालकाला काहीच मिळणार नसेल तर तो कुंपण घालेल, आणि मग नदीवरच्या मालकाचा सिंहही जाईल. प्रत्येकानं वेगवेगळं शहाणपण केलं तर सगळ्यांचं मिळून नुकसान, असा हा पेच.

उरला एकत्र भाडेपट्टा. यात मालकी प्रत्येकाची वेगळी राहते, वापर एक होतो. वाटणी मोडायची नाही, पण तिच्यावरून हात फिरवून माळ पुन्हा सलग करायचा.

पहिला निर्णय: भाडं कशावर

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत शहाणा निर्णय हा. भाडं ठरवण्याचे दोन मार्ग होते. छावणीत जितके पर्यटक राहतील त्या प्रमाणात हिस्सा, किंवा हेक्टरी ठरलेली रक्कम, पर्यटक येवोत न येवोत.

हिस्सा ऐकायला न्याय्य वाटतो. पण किती खाटा भरल्या हे छावणीच्या वहीत असतं, आणि वही छावणीच्या कपाटात. ज्या लोकांनी समितीची वही वीस वर्षं पाहिली होती, किंवा पाहू दिली गेली नव्हती, त्यांना आणखी एक वही नको होती. शिवाय मंदी आली तर तिचा फटका ज्याच्याकडे सगळ्यात कमी गंगाजळी त्याला. ठरलेल्या भाड्यात धोका छावणीच्या अंगावर जातो.

ठरलं हेक्टरी ठरावीक. नदीकाठच्या आणि आतल्या तुकड्याला दर एकच. पैसे समितीच्या हातून न जाता सरळ प्रत्येकाच्या खात्यात. त्यासाठी अनेकांनी बँकेत खातं उघडलं. वरवर पाहता ही कारकुनी बाब, पण मधला माणूस काढला गेला तो इथेच.

दर एकच ठेवण्यात नदीकाठच्या मालकांनी काही सोडलं. का सोडलं असेल? आतले तुकडे मिळाल्याशिवाय सौदा होत नव्हता, हे त्यांना कळत होतं.

दुसरा निर्णय: गुरांचं काय

इथे मात्र घाई झाली.

छावणीवाल्यांना हवं होतं मोकळं रान. भरमसाट पैसे मोजणाऱ्या पाहुण्याच्या फोटोत गाय नको. यात आपणही आलो, उगाच परक्यांकडे बोट दाखवू नये. आफ्रिकेत जाऊन आलेल्या किती जणांच्या अल्बममध्ये चरणारं खिल्लार आहे? अट घालण्यात आली की कॉन्झर्व्हन्सीच्या आत चराई बंद आणि वस्त्या बाहेर.

मालकांनी ती मान्य केली. कारणं समजण्यासारखी आहेत. बऱ्याच जणांकडे दुसरीकडे चारायला जागा होती किंवा होईल असं वाटत होतं. रात्री गुरं आत घालता येतील हा हिशेबही असावा. आणि दरमहा पैसे ही गोष्ट नवी होती. पगार फक्त शिक्षकाला आणि पोलिसाला असतो असं मानणाऱ्या घरात पहिल्यांदा पहिल्या तारखेची वाट पाहिली जाऊ लागली.

चूक दोन पातळ्यांवर होती. एक, दुष्काळात सगळ्यात जास्त गरज पडेल तेच कुरण बंद केलं. दोन, गुरं काढली तर रान सुधारेल हे गृहीत धरलं. आपण वर पाहिलं की या माळाचा पोत शतकानुशतकं गुरांनी घडवला आहे. चराई थांबली की गवत कमरेएवढं वाढतं, रखरखीत होतं. थॉमसन गझेलसारख्या लहान हरणांना आखूड, कोवळं गवत लागतं. पोषणासाठी तर लागतंच, शिवाय दबा धरलेला चित्ता त्यात दिसतो. उंच गवतात ती राहत नाहीत. मग ती कुठे जातात? जिथे गुरं चरतात तिथे, सीमेबाहेर.

म्हातारे गुराखी हे जाणत होते. करार लिहिताना त्यांचं म्हणणं निसर्गज्ञान म्हणून ऐकलं गेलं नाही. गुरांची वकिली म्हणूनच त्याकडे पाहिलं गेलं असावं, असा माझा अंदाज.

काय केलं गेलं

सुमारे नऊ हजार हेक्टरांचा सलग पट्टा तयार झाला. आतली घरं, म्हणजे शेणामातीच्या खोपट्यांची आणि काटेरी कुंपणाची ‘एन्कांग’ वस्ती, बाहेर हलवली गेली. छावण्यांवर मर्यादा घातली: दर ७०० एकरांमागे एक तंबू. एका प्राण्याभोवती पाचापेक्षा जास्त गाड्या नाहीत. राखणीला स्थानिक तरुण घेतले.

गर्दीची मर्यादा हा नुसता पाहुण्यांच्या चैनीचा मुद्दा नव्हता. मारातल्या चित्त्यांच्या माद्यांवर पुढे झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त पर्यटक असलेल्या भागात एका विणीतून सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होण्याइतकी जगली, कमी पर्यटक असलेल्या भागात २.३. कळप दिसला की चालकाला ‘अजून थोडं पुढे घे’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं हे दोन आकडे एकदा वाचावेत.

घरं हलवण्याचा खर्च मात्र कोणत्याच तक्त्यात आला नाही. कर्त्याच्या खात्यात भाडं आलं. पण नवी वस्ती पाण्यापासून, सरपणापासून लांब पडली तर हंडा आणि मोळी वाहणार बाई. मसाई घर बाईच बांधते, शेण-माती लिंपून, आपल्या हातानं. ते सोडून दुसरं बांधायचं तेही तिनंच. भाडेपट्ट्यावर सही नवऱ्याची.

काय घडलं

पहिली परीक्षा दोन वर्षांच्या आत आली. २००७ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार पेटला आणि परदेशी पर्यटक येईनासे झाले. छावण्या ओस पडल्या. ठरलेलं भाडं मात्र येत राहिलं. हिस्सेवारीचा सौदा असता तर त्याच वर्षी दीडशे घरं रिकाम्या हातानं बसली असती आणि कॉन्झर्व्हन्सी तिथेच मोडली असती. लगेच पाठोपाठ २००८-०९ चा कडक दुष्काळ आला, त्यात दरमहाच्या पैशानं धान्य आणि शाळेची फी भागली, गुरं पडेल भावानं विकण्याची वेळ काही घरांना लांबवता आली.

त्याच दुष्काळानं दुसरी बाजूही उघडी केली. आत गवत उभं, बाहेर गुरं मरणाला टेकलेली. गुराख्यानं काय करावं? तो रात्री आत शिरला. कॉन्झर्व्हन्सीतही शिरला, राखीव क्षेत्रातही शिरला. पकडला गेला तर दंड. स्वतःच्या नावावर असलेल्या जमिनीत स्वतःची गाय चारल्याबद्दल दंड भरायचा ही परिस्थिती कायद्यानं बरोबर असेल, पण ती घरी जाऊन बायकोला समजावून सांगता येत नाही.

चराईचा भार शेजारच्या जमिनींवर सरकला. ज्यांचा कॉन्झर्व्हन्सीशी संबंध नव्हता, ज्यांना भाडं नव्हतं, त्यांच्या कुरणावर सगळ्यांची गुरं आली. त्यांनी आपलं गवत वाचवायला तार ओढली. २०१० नंतर माराच्या परिसरात कुंपणं वाढत गेली, २०१४ पासून तर झपाट्यानं. उपग्रहचित्रांवरून संशोधकांनी ती मोजली आहेत. कुंपणांची कारणं अनेक, सगळं खापर एका भाडेपट्ट्यावर फोडणं चूक ठरेल. पण एक पट्टा सलग करताना शेजारचा माळ तुटायला हातभार लागला, हे टाळून चालणार नाही.

सिंहांची गोष्ट उत्साहवर्धक आहे. माराच्या कॉन्झर्व्हन्सींमधल्या सिंहांच्या जगण्याचा अभ्यास झाला, तेव्हा आसपासची जितकी जास्त घरं कॉन्झर्व्हन्सीची सभासद, तितकी सिंह जगण्याची शक्यता जास्त, असं दिसलं. सिंहानं गाय मारली की भाला उचलायचा की नाही हे ठरवणाऱ्या घरात त्या महिन्याचं भाडं आलेलं असतं. हे इतकं साधं आहे. सभासद नसलेल्या घराला हात आवरायचं काही कारण नाही, हेही तितकंच साधं.

चराईबंदी टिकली नाही, आणि ते बरं झालं. भाग पाडून, पाळीपाळीनं, ठरावीक संख्येनं गुरं आत सोडण्याची पद्धत आली. गवत आखूड राहिलं, हरणं परतली, मालकांचा राग निवळला. पुढे २०१० मध्ये शेजारी नाबोइशो कॉन्झर्व्हन्सी झाली. सुमारे पाचशे मालक, पन्नास हजार एकरांच्या आसपास जमीन. तिथे नियोजित चराई हा व्यवस्थेचाच भाग धरला गेला. म्हणजे ओलारे ओरोकनं फी भरली आणि शेजाऱ्यांनी शिकून घेतलं. २०१३ च्या वन्यजीव कायद्यानं कॉन्झर्व्हन्सीला जमिनीचा अधिकृत वापर म्हणून मान्यता दिली. आज राखीव क्षेत्राभोवतीच्या सगळ्या कॉन्झर्व्हन्सी मिळून क्षेत्रफळात जवळपास त्याच्या तोडीच्या आहेत.

मग २०२०. मार्चच्या शेवटी केनियानं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली, ती ऑगस्टमध्ये सुरू झाली, आणि पर्यटक परतायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. या वेळी ठरलेलं भाडंही पुरं पडलं नाही. माराच्या अनेक कॉन्झर्व्हन्सींमध्ये रक्कम कमी करावी लागली. धोका छावणीवर ढकलला होता, पण छावणीचीच कंबर मोडली तर तो परत मालकाच्या दारात येतो. २००८ ला जे भक्कम वाटलं त्याची मर्यादा बारा वर्षांनी कळली. गुरं मात्र विमानतळ बंद असतानाही दूध देत होती. ज्यांनी भाड्याच्या भरवशावर खिल्लार फार कमी केलं नव्हतं, ते तरले.

वेगळं काय करता आलं असतं

चराईचा आराखडा करारासोबतच व्हायला हवा होता. दुष्काळात कोणता भाग, किती दिवस, कुणाची गुरं हे आधी लिहिलं असतं तर चोरटी चराई आणि दंड यांतून आलेली कटुता टळली असती. मसाईंकडे याचा स्वतःचा नमुना होता. वासरांसाठी आणि आजारी जनावरांसाठी राखून ठेवलेलं कुरण, ‘ओलोकेरी’. रान राखून ठेवणं त्यांना शिकवायची गरज नव्हती, ‘केव्हा उघडायचं’ एवढंच त्यांच्या बाजूनं लिहायला हवं होतं.

शेजाऱ्यांचा विचार दुसरा. सीमेबाहेरच्या, भाडं न मिळणाऱ्या घरांना काहीतरी मिळणं हा दानधर्म नव्हता, तो कुंपणाविरुद्धचा विमा होता. भाड्याचा एक हिस्सा आसपासच्या कुरणांसाठी, पाण्यासाठी ठेवला असता तर तार थोडी उशिरा आली असती. किती उशिरा, हे कुणी सांगू शकत नाही.

बायकांच्या बाबतीत मी थोडा अडखळतो. जमिनीच्या कागदावरच त्या नव्हत्या, मग भाडेपट्ट्यानं त्यांना कुठून आणायचं, असा बचाव ऐकायला मिळतो. तो अर्धा खरा आहे. भाडेपट्ट्यानं वाटणी केली नाही, पण वाटणीतला अन्याय दरमहा पैशात रूपांतरित केला. आधी कागदावर नाव नसलेली बाई निदान त्याच माळावरून सरपण आणत होती, दूध विकत होती, पाहुण्यांना मणीकाम विकत होती. नंतर तो माळ बंद झाला आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात गेले. खातं दोघांच्या नावावर काढणं, घर हलवण्याचा खर्च थेट घर बांधणारीला देणं, या गोष्टी २००६ मध्येही शक्य होत्या, त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नव्हती. २०१० च्या राज्यघटनेनं जमिनीच्या हक्कात लिंगभेद नको असं म्हटलं आहे. माळावर ते उतरायला वेळ लागतो आहे.

एका बाबतीत मला वेगळं काही सुचत नाही. वाटणीच झाली नसती तर? काही अभ्यासक तसं म्हणतात, ग्रूप रँच सुधारता आला असता. असेलही. पण ज्यांनी समितीकडून आपला हिस्सा वर्षानुवर्षं मागितला आणि मिळाला नाही, त्यांनी स्वतःच्या नावाचा कागद मागितला यात मला चूक दिसत नाही.

आणि अवघड प्रश्न अजून पुढेच आहे. आपल्या उदाहरणातला पन्नाशीचा कर्ता आता सत्तरीचा. तीन मुलगे, त्यांच्या बायका, मुलं. साठ हेक्टरांचे तीन भाग झाले तर वीस-वीस. मुली हक्क मागू लागल्या तर आणखी लहान. कराराची मुदत संपल्यावर छावणीवाला पुन्हा सह्या घ्यायला येतो, तेव्हा जिथे एक सही पुरत होती तिथे चार-पाच लागतात, आणि त्यातला एक जण नैरोबीत नोकरीला असतो, दुसऱ्याला तालेकच्या बाजारपेठेजवळ चार खोल्या बांधून भाड्यानं द्यायच्या असतात. तिसऱ्याची गुरं बाहेर उभी आहेत, आणि तो विचारतो आहे की या वर्षी आतलं गवत कधी उघडणार.